संघारामाचा रक्षक क्वान यू : एक जपानी पटचित्र

जपानमध्ये ‘काकेजिकु’ नावाचा पटचित्राचा प्रकार रूढ आहे. रेशमावर अथवा कागदावर काढलेल्या चित्रास मागून कागदाचे थर डकवितात, कडांना रेशमी वस्त्र लावतात व खाली दांडी बसवितात. प्रसंगानुसार ते टांगावयाचे आणि नंतर गुंडाळून पेटीत ठेवावयाचे, असा प्रघात आहे. लाल चेहरा, लांब दाढी, हिरवा झगा आणि हाती चंद्रकोरीसारख्या पात्याचे शस्त्र असलेला पुरुष अशा पटावर दिसला, तर तो चिनी सेनापती क्वान यू होय. जपानी लोक त्यास ‘कान्-उ’ म्हणतात.

क्वान यू ही ऐतिहासिक व्यक्ती आहे. हान साम्राज्याच्या अखेरच्या काळात तो ल्यू पै याचा निष्ठावंत सेनानी होता. इ. स. २२० च्या सुमारास सुन छ्वानच्या सैन्याने त्यास पकडून त्याचा शिरच्छेद केला. पुढे राजसत्तांनी त्यास पदव्या दिल्या आणि १६१४ मध्ये मिंग सम्राटाने त्यास देवांच्या पंक्तीत ‘सम्राट’ ठरविले.

मग हा योद्धा विहारात कसा आला? आख्यायिका अशी, की युच्छ्वान पर्वतावर आचार्य च-यी (५३८-५९७) यांच्यापुढे त्याचा आत्मा प्रकटला, त्याने शीले ग्रहण केली व विहाराच्या रक्षणाचे वचन दिले. आचार्यांच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात ही कथा नाही. ती उत्तरकालीन आहे. तथापि चिनी विहारांत तो ‘छ्ये-लान’ म्हणजे विहाररक्षक ठरला. हा शब्द आपल्या ‘संघाराम’ शब्दाचेच संक्षिप्त रूप असून जपानीत तो ‘गारान’ झाला. नागासाकी येथे चिनी व्यापाऱ्यांनी १६२९ मध्ये स्थापिलेल्या सोफुकुजी विहारातही क्वान यूची मूर्ती आहे.

‘तीन राज्यां’च्या प्रसिद्ध चिनी कादंबरीचे जपानी भाषांतर सतराव्या शतकाच्या अखेरीस झाले व ही कथा जपानी घराघरांत पोहोचली. तीत क्वान यूचा आत्मा आपले शिर परत मागतो. तेव्हा एक भिक्खू त्यास विचारतो, की तू ज्यांची शिरे उडविलीस, त्यांनी ती कोणाकडे मागावी? या प्रश्नाने त्याचा क्रोध शमतो.

अंगुलिमालाने शस्त्र टाकले व तो भिक्खू झाला. क्वान यूच्या हातचे शस्त्र मात्र चित्रकारांनी काढून घेतले नाही. कित्येक चित्रांत तो वाचतो तो ग्रंथही बौद्ध नव्हे, तर कन्फ्यूशियन परंपरेतील आहे. विहारात त्याचे स्थान रक्षकाचे आहे, शास्त्याचे नव्हे. देवत्व त्यास राजांनी दिले. धम्माने त्यास दिला तो केवळ एक प्रश्न. पटचित्रातील त्या लाल चेहऱ्याकडे पाहताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.