गाजलेला ग्रंथ आणि न मळलेली पाने

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ग्रंथांनाही लागू पडावी, हे मनाला रुचत नाही. परंतु पुष्कळदा अनुभव तसा येतो खरा.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली आणि मराठी कादंबरीला नवे वळण लागले. 'झूल' १९७९ ची. त्यानंतर तब्बल ३१ वर्षांनी, २०१० मध्ये, 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' प्रसिद्ध झाली. तिचा एवढा गाजावाजा झाला होता की, पुस्तक हाती येण्याआधीच अनेकांनी आपली मते ठरवून टाकली होती.

आम्हीही पदरमोड करून ती घेतली. मोहेंजोदडोच्या उत्खननात रमलेला खंडेराव आणि त्याला आलेले वडिलांच्या आजाराचे बोलावणे, हा आरंभ भव्य आहे. पुढे मात्र पाल्हाळाने आम्ही दमलो. तरीही चारचौघांत 'थोर कृती' म्हणून मान डोलावली, हे आज कबूल करतो. पुढे एका वाचनालयातील प्रत पाहिली. पहिली शंभरेक पाने हाताळून मळलेली, उरलेली कोरी करकरीत! आमच्यासारखे मान डोलावणारे आणखीही होते तर!

नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. त्यांची योग्यता वादातीत आहे. परंतु लेखकाची थोरवी म्हणजे प्रत्येक पानाची हमी नव्हे.

आमच्या सीमाभागात हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. येथे मराठी पुस्तक मुलाच्या हाती मुळात विरळाच पडते. जे पडले ते 'गाजलेले' म्हणून दिले आणि त्याने कंटाळून मिटले, तर तो पुन्हा मराठी पुस्तकाकडे वळेलच, याची शाश्वती नाही.

याच निपाणीत पिठाची गिरणी चालवीत महादेव मोरे आयुष्यभर लिहीत राहिले. तंबाखूच्या वखारीतील कष्टकरी बाया, मोटारींवरचे चालक, हे त्यांचे विश्व. २०२४ साली ते गेले. त्यांच्यासाठी नगारे फारसे वाजले नाहीत. आमच्या शाळेच्या कपाटातही त्यांचे एकही पुस्तक नव्हते. हा दोष सर्वस्वी आमचा. पुढे त्यांची एक कादंबरी आम्ही वर्गात ठेवली. वखारीत राबणाऱ्या आईचा एक मुलगा ती घरी घेऊन गेला आणि आठवड्याने विचारू लागला, "सर, यांचं आणखी आहे काय?"

वाचकहो, जाहिरात पाहून पुस्तक जरूर हाती घ्यावे. मात्र आधी वाचनालयात त्याची पन्नास पाने चाळावीत, आणि न आवडल्यास तसे निःसंकोच म्हणावे.