तेलवाहिनी कुणाच्या पाण्याखालून?

पेट्रोलचे भाव भडकले की ऊर्जा स्वावलंबनाची भाषणे सुरू होतात आणि उन्हाळा भाजू लागला की हवामान बदलाची. दोन्ही भाषणे करणारे बहुधा एकाच वर्गातले असतात. ऐकणाऱ्यांत आपला माणूसही असतो, पण त्याला कोणी काही विचारत नाही. सिलिंडर परवडत नाही म्हणून तो चूल पेटवतो, तर धुराचा दोष त्याच्या माथी. आणि भर दुपारी रस्त्यावर डांबर टाकताना चक्कर येऊन पडतो तोही तोच. या वादात आपण कुठे उभे राहायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागेल. त्यासाठी अमेरिकेतील एका तेलवाहिनीची हकिकत चळवळीच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी असे वाटते.

अमेरिकेत हा वाद आधी गाजला तो कीस्टोन एक्सएल या वाहिनीमुळे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील तेलयुक्त वाळूतून काढलेले खनिज तेल ती अमेरिकेत आणणार होती. ओबामांनी २०१५ मध्ये ती नाकारली, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा उकरून काढली, बायडेन यांनी २०२१ मध्ये सत्तेवर येताच पहिल्याच दिवशी तिचा परवाना रद्द केला. एकाने तोटी उघडायची, दुसऱ्याने बंद करायची. या खेळाची वृत्तपत्रांनी भरपूर चर्चा केली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी वाहिनी, डकोटा अ‍ॅक्सेस.

नॉर्थ डकोटा राज्यात बाकेन नावाचे मोठे तेलक्षेत्र आहे. तेथील तेल इलिनॉय राज्यातील पटोका येथे पोहोचवण्यासाठी सुमारे १,८८० किलोमीटर लांबीची ही वाहिनी आखली गेली. वाटेत मिसूरी नदी ओलांडणे भाग होते. कुठे ओलांडायची? विचारात घेतलेला एक मार्ग बिस्मार्क या राजधानीच्या शहराच्या उत्तरेकडून जाणारा होता. तो सोडून देण्यात आला. मार्ग लांब पडतो वगैरे कारणे दिली गेली, पण त्यांतच एक कारण असेही होते की, शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या विहिरी जवळ येतात. बिस्मार्कमध्ये तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती गोऱ्यांची होती. मग वाहिनी दक्षिणेला सरकली आणि स्टँडिंग रॉक येथील सू जमातीच्या हद्दीपासून जेमतेम अर्धा मैल वरच्या अंगाला, ओआहे जलाशयाच्या तळाखालून नेण्यात आली. शहराच्या पाण्याला जो धोका चालत नाही, तो जमातीच्या पाण्याला चालतो. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे गणित फोड करून सांगावे लागत नाही.

स्टँडिंग रॉकला तिकडे ‘रिझर्व्हेशन’ म्हणतात. शब्द तोच, पण अर्थ पाहा. आपल्याकडे त्याचा अर्थ सत्तेत आणि शिक्षणात वाटा. तिकडे त्याचा अर्थ सगळी जमीन घेतल्यावर उरलेला तुकडा. १८५१ आणि १८६८ साली फोर्ट लॅरमी येथे अमेरिकन सरकारने या जमातींशी लेखी तह केले. पुढे ब्लॅक हिल्स डोंगरात सोने सापडले आणि १८७७ मध्ये ते डोंगर काढून घेण्यात आले. विसाव्या शतकात मिसूरीवर धरणे झाली. ओआहे धरणाच्या पाण्याखाली एकट्या स्टँडिंग रॉकची सुमारे ५६ हजार एकर जमीन गेली, तीही नदीकाठची, सर्वांत कसदार. म्हणजे ज्या जलाशयासाठी हे लोक २०१६ साली उभे राहिले, त्याच जलाशयाने त्यांच्या आईबापांची शेती आणि घरे गिळली होती.

एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी नदीकाठी तळ टाकला. जमातीची तरुण मुले-मुली निवेदन घेऊन धावत वॉशिंग्टनपर्यंत गेली. बघता बघता दोनशेहून अधिक जमातींचे लोक तेथे जमले. त्यांची घोषणा होती, पाणी म्हणजे जीवन. ३ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीच्या खासगी रक्षकांनी त्यांच्या अंगावर कुत्री सोडली. २० नोव्हेंबरच्या रात्री तापमान गोठणबिंदूखाली असताना पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले. पाणी मागणाऱ्यांना पाण्यानेच मारले! २० मार्च १९२७ रोजी महाडला काय झाले ते आपण विसरलेलो नाही. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तेथे ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आपली माणसे झोडपली गेली. दोन्ही लढे एकच आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. महाडला प्रश्न पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्काचा होता; तिकडे प्रश्न आहे तो आपल्या पाण्याचे काय करायचे हे आपल्याला विचारले जाण्याचा. पण दोन्हीकडे समोरचा माणूस पुरता माणूस मानला गेला नाही, हे खरे.

डिसेंबर २०१६ मध्ये ओबामा सरकारने जलाशयाखालची परवानगी रोखली. तळावर जल्लोष झाला. ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये आदेश काढला आणि १ जून २०१७ पासून तेल वाहू लागले. २०२० मध्ये न्यायालयाने म्हटले की, पर्यावरणावरील परिणामांची पूर्ण तपासणी न करताच परवानगी दिली गेली. गळती ओळखणाऱ्या यंत्रणेला प्रवाहाच्या एक टक्क्याहून कमी गळती कळत नाही, हा जमातीचा आक्षेपही न्यायालयाने गंभीर मानला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दिवसाला पावणेसहा लाख पिंपे वाहणाऱ्या नळात एक टक्का म्हणजे रोज पाच हजारांवर पिंपे, सुमारे नऊ लाख लिटर तेल. न्यायालयाने परवानगी रद्द केली. तेल मात्र थांबले नाही. वरच्या न्यायालयाने परवानगी रद्द ठेवली, पण वाहिनी चालू राहू दिली. विनापरवाना झोपडी उभी राहिली तर सकाळी बुलडोझर येतो. विनापरवाना तेलवाहिनी वर्षानुवर्षे चालते.

आता दुसरी बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण नुसत्या घोषणांनी वाद जिंकता येत नाही. वाहिनीचे समर्थक म्हणतात, नळ नसेल तर तेल रेल्वेने जाईल, आणि ते अधिक घातक. हे खोटे नाही. जुलै २०१३ मध्ये कॅनडातील लाक-मेगांटिक या गावात बाकेनचेच तेल नेणारी गाडी उलटून ४७ माणसे जळून मेली. पण यातून फार तर तेल नळाने न्यावे एवढेच सिद्ध होते. नळ बिस्मार्कऐवजी स्टँडिंग रॉकच्या उशाशी का, याचे उत्तर त्यात नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा स्वावलंबनाचा. अरबांच्या तेलावर किती दिवस जगायचे, असे विचारले की देशभक्तीपुढे सगळे गप्प होतात. परंतु अमेरिकेने १९७५ पासून कच्च्या तेलाच्या निर्यातीवर घातलेली बंदी डिसेंबर २०१५ मध्ये उठवली. पटोकाहून दुसरी वाहिनी थेट टेक्सासच्या किनाऱ्याकडे जाते, तेथून जहाजे निघतात. २०२० मध्ये हा देश तेल आणि तेलपदार्थांचा निव्वळ निर्यातदार झाला. तरीही युक्रेनचे युद्ध पेटल्यावर जून २०२२ मध्ये तेथे पेट्रोलने गॅलनला पाच डॉलरचा टप्पा ओलांडला, कारण भाव जगाच्या बाजारात ठरतो. देश स्वावलंबी झाला, टाकी भरणारा कामगार झाला नाही. २०२४ साली अमेरिकेने दिवसाला सुमारे १ कोटी ३२ लाख पिंपे तेल काढले. इतके तेल कोणत्याही देशाने कधीच काढले नव्हते. हा विक्रम हवामान बदलाची भाषा बोलणाऱ्या बायडेन यांच्या काळातला. आणि एवढे तेल असतानाही जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ‘राष्ट्रीय ऊर्जा आणीबाणी’ जाहीर केली. ‘स्वावलंबन’ या शब्दातला ‘स्व’ कोण, हे विचारल्याशिवाय त्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

एक अवघड गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. त्याच नॉर्थ डकोटात फोर्ट बर्थोल्ड येथे मँडन, हिडात्सा आणि अरिकारा या तीन जमाती राहतात. त्यांचीही जमीन गॅरिसन धरणाखाली गेली. १९४८ साली त्या करारावर सही होत असताना त्यांचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हाताने चेहरा झाकून रडत आहेत, असे छायाचित्र प्रसिद्ध आहे. या जमातींच्या उरलेल्या जमिनीत पुढे तेल सापडले. ते तेल डकोटा अ‍ॅक्सेसमधूनही जाते, त्याच्या उत्पन्नावर त्यांचा कारभार चालतो, आणि वाहिनी बंद करण्याला त्यांनी विरोध केला. शहरातील पर्यावरणवाद्यांना हे अडचणीचे वाटते. आपल्याला वाटू नये. पिढ्यान् पिढ्या लुबाडलेल्या माणसाच्या हाती प्रथमच पैसा आला, तर तो सोड म्हणण्याचा अधिकार कोणाला? आणि त्या पैशासाठी खालच्या अंगाच्या भावाचे पाणी धोक्यात घालण्याचा अधिकार तरी कोणाला? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळत नाहीत.

आपण विजेच्या, यंत्राच्या विरोधात नाही, हेही स्पष्ट असावे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. वीज खासगी नफ्यासाठी नसावी, हेही त्यांनी त्याच वेळी मांडले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या काळात झाली. पुढे तेथे धरणे बांधली गेली तेव्हा हजारो आदिवासी उठले, हे आपण लपवण्याचे कारण नाही. ऊर्जा हवीच. ती कुणाच्या जमिनीतून, कुणाला विचारून आणि कुणाच्या मालकीची, हा वाद कोणत्याही इंधनाला चुकत नाही. उद्या सौर प्रकल्पांसाठी गायराने घेतली जातील तेव्हाही चुकणार नाही.

स्टँडिंग रॉकच्या आंदोलनाची किंमत अजून वसूल केली जात आहे. मार्च २०२५ मध्ये नॉर्थ डकोटातील ज्यूरीने वाहिनीच्या कंपनीच्या बाजूने कौल देत ग्रीनपीस संघटनेला ६६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितले. नंतर न्यायाधीशांनी ती रक्कम जवळपास निम्म्यावर आणली.

ब्लॅक हिल्सचा हिशेबही बाकी आहे. ते डोंगर बेकायदा घेतले गेले, असे मान्य करून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सू जमातींना १० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा निर्णय कायम केला. ती रक्कम व्याजासह १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. हे लोक अमेरिकेतील सर्वांत गरीब लोकांपैकी आहेत. त्यांनी ती उचललेली नाही. डोंगर विकायला काढलेच नव्हते, असे त्यांचे म्हणणे आहे.