काटा, पारा आणि प्राणवायू

हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना धडधडत असताना ज्यांनी पाहिला, त्यांना पॅनवरची गोल गेजं आठवत असतील. उसाचा रस उघड्यावर आटवला तर साखर करपते. म्हणून बंद पॅनमधली हवा ओढून घेतात आणि पाक साठ-सत्तर अंशांवरच उकळू लागतो. पॅनमनची एक नजर दाण्यावर, दुसरी व्हॅक्यूमच्या काट्यावर. त्या काट्यामागे वाकवलेली एक चपटी धातूची नळी असते. आतला दाब वाढला की ती किंचित उलगडते, कमी झाला की आणखी वळते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. युजीन बूर्दों या फ्रेंच कारागिराने १८४९ साली या नळीचं पेटंट घेतलं. हीच नळी पुढे विमानाच्या इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवू लागली. ऑपरेशन थिएटरमधल्या प्राणवायूच्या सिलिंडरवर जो काटा असतो, त्याच्या मागेही तीच असते.

संग्रहालयांत मात्र या भावंडांची ताटातूट झाली आहे. विमानाची उपकरणं सैन्याच्या संग्रहालयात जातात, वैद्यकीय उपकरणं मेडिकल कॉलेजच्या काचेच्या कपाटात आणि साखर कारखान्याची गेजं भंगारात. तिघांना शेजारी ठेवल्याशिवाय यंत्रयुगाचा इतिहास नीट वाचताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे. प्रवरा नदीच्या काठावर तर तो वाचायला सगळी सामग्री हाताशी आहे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे त्याच परिसरात लोणीला मोठं रुग्णालय उभं राहिलं. दाब मोजणारा काटा या मुलखात साखरेबरोबर रुजला आणि दवाखान्यांतूनही पसरला.

विमानातल्या उंचीमापकाची गोष्ट याहून थेट आहे. ल्युसियाँ विदी याने १८४४ साली पाऱ्याशिवाय चालणारा हवादाबमापक तयार केला. पातळ, नालीदार पत्र्याची एक डबी, तिच्यातली हवा काढून टाकलेली. बाहेरचा दाब घटला की डबी फुगते, वाढला की दबते आणि दांड्या-चाकांच्या साखळीतून ही हालचाल काट्यापर्यंत पोचते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. प्रवरेकाठचं बेलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे तो ७१५च्या जवळपास येतो. साडेपाच हजार मीटरवर निम्माच उरतो. विमानाचा उंचीमापक खरं तर उंची मोजतच नाही. तो दाब मोजतो आणि तबकडीवर मीटर किंवा फूट लिहिलेले असतात. हवामान बदललं की दाब बदलतो, म्हणून उतरण्याआधी वैमानिकाला त्या विमानतळावरचा दाब विचारून काटा जुळवून घ्यावा लागतो.

दंडाला पट्टा बांधून काट्याच्या तबकडीवर बीपी बघतात, त्या यंत्रातही नालीदार पत्र्याचीच डबी असते. फरक एवढाच की तिथे दाब डबीच्या आत सोडतात, कारण मोजायचं असतं ते पट्ट्यातल्या हवेचं बळ.

पाऱ्याचं बीपी यंत्र त्या आधीचं. इटलीत तुरीनला शिपिओने रिवा-रॉची याने १८९६ साली दंडाला रबरी पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर रक्ताचा दाब वाचला. मनगटाची नाडी बोटांना लागेनाशी झाली की तो आकडा धरायचा, त्यामुळे त्याला फक्त वरचा दाब कळत असे. १९०५ साली निकोलाय कोरोत्कोव या तरुण रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप टेकवला. सैल होणाऱ्या पट्ट्यातून आधी ठक-ठक ऐकू येते, मग ती विरते. वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे त्यातून मिळाले. त्याचा तो निबंध जेमतेम पानभराचा होता. आज गावोगाव ज्याला ‘बीपी बघणं’ म्हणतात, ते त्या पानभर मजकुरावर उभं आहे.

दाबाचं आणि जिवाचं नातं माणसाला भयंकर रीतीने समजलं ते बलूनमध्ये. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडमध्ये जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल वर गेले. ग्लेशर हवामानशास्त्रज्ञ होता आणि त्याचं काम उपकरणं वाचण्याचं. दाबमापक वाचता वाचताच त्याची नजर अंधुक झाली, हात उचलेना आणि तो बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीने निकामी झाले होते. त्याने व्हॉल्व्हची दोरी दातांनी ओढली आणि दोघं वाचले. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ या फ्रेंच बलूनमधून तिघं आठ हजार मीटरच्या वर गेले. बरोबर प्राणवायूच्या पिशव्या होत्या. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने तो साठा पुरणार नाही असं पत्र पाठवलं होतं, पण ते वेळेत पोचलं नाही. प्राणवायूची नळी समोर असताना गास्ताँ तिसांदिए याला हात हलवता आला नाही. शुद्धीवर आला तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिवेल हे त्याचे दोघे सोबती मरण पावले होते. उंचीवर माणसाला आपण गुदमरतो आहोत हे कळतच नाही, उलट हलकं आणि छान वाटतं. शरीर खोटं सांगतं तेव्हा खरं सांगणारा काटा लागतो. विमान-वैद्यकाचा सगळा पाया या एका गोष्टीवर आहे.

भारतात ही विद्या शिकवणारी संस्था १९५७ साली बंगळूरला निघाली. आज ती इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन म्हणून ओळखली जाते. त्याच्या पाव शतक आधी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. होकायंत्र, उंचीमापक, वेगमापक अशी मोजकी साधनं आणि बाकी डोळे.

त्यानंतर तंत्र किती झपाट्याने पुढे गेलं हे पाहायचं असेल तर गोव्याला जावं. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर, १९९८ साली सुरू झालेलं नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. मोकळ्या आवारात सी हॉक, अलिझे, सी हॅरियर अशी विमानं आहेत, पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाकडे असताना त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. म्हणजे बेलापूरकरांच्या शेजारच्या वेरूळची राणी. पुढे ते हवाई दलाकडे आणि १९७६ साली नौदलाकडे गेलं. या जातीच्या विमानात प्रवाशांची केबिन दाबयुक्त होती. बाहेर हवा विरळ असली तरी आत सहज श्वास घेता येई. साहजिकच वैमानिकांना दोन उंच्यांचा हिशेब ठेवावा लागे, विमानाची आणि केबिनमधल्या हवेची. झेनिथच्या दोघांचे प्राण ज्या उणिवेने घेतले, तिला शोधलेलं उत्तर म्हणजे केबिनच्या हवेचा तो दुसरा काटा.

याच संदर्भात ऑक्सिमीटरची आठवण काढायलाच हवी. २०२० आणि २०२१ मध्ये बेलापूर-श्रीरामपूरच्या घराघरांत बोटाला लावायची ती छोटी चिमटी आली आणि ९४, ९१, ८८ असे आकडे आयाबायांना पाठ झाले. रक्तातला प्राणवायू प्रकाशाने मोजायची कल्पना युरोपात १९३०च्या दशकातली, पण तिला वापरण्याजोगं रूप दिलं दुसऱ्या महायुद्धाने. उंचावर लढणाऱ्या वैमानिकांची शुद्ध हरपण्याआधीच धोका कळावा, म्हणून ग्लेन मिलिकन या शास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास कानाच्या पाळीला लावायचं मापक तयार केलं. जपानमध्ये ताकुओ आओयागी याने १९७०च्या दशकात नाडीच्या ठोक्यांचा आधार घेऊन त्याला आजची रीत दिली. कोविडमध्ये अनेकांना दम न लागताच प्राणवायू धोक्याच्या रेषेखाली गेला. ग्लेशरचं झालं तेच, फक्त खाटेवर झोपलेल्या माणसाचं. ती चिमटी आता घरोघरी कपाटात पडून आहे. एखाद्या संग्रहालयाने ती आजच, तारखांच्या वहीसकट आणि घरच्यांच्या आठवणींसकट, मागून घ्यायला हवी.

वस्तू मागून घेतली म्हणजे जतन झाली असं मात्र नाही. युद्धकाळातल्या विमानांच्या तबकड्या रात्री चमकाव्यात म्हणून त्यांवर रेडियमचा रंग देत. चमक कधीच विझली, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं असल्याने किरणोत्सर्ग तसाच आहे. अशी तबकडी उघडून घासणं म्हणजे विषारी धूळ उडवणं. कर्करोगावर उपचारासाठीही त्या काळी रेडियमच्याच सुया वापरत. बीपी यंत्रातल्या पाऱ्याचं तसंच. पाऱ्याच्या वापराला आवर घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा उपकरणांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची आहे आणि भारताने २०१८ साली या कराराला मान्यता दिली आहे. हे योग्यच आहे. पण त्यापायी लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीतली ती जुनी यंत्रं सरसकट नाहीशी होत आहेत. पारा रीतसर काढून घेऊन पेटी, नळी आणि पट्टा जपता येतो.

मोठ्या वस्तूंनाही संग्रहालय कायमचं वाचवतं असं नाही. विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ साली सुरक्षेच्या कारणावरून लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ साली तोडायला गेली. तिच्या पोलादाचा काही भाग मोटारसायकलींत गेला. याउलट सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची स्मृती माणसांनी चिवटपणे धरली. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले हे डॉक्टर १९४२ साली तिथेच, बत्तिसाव्या वर्षी वारले. शिजियाझुआंगच्या स्मारकात त्या पथकातल्या डॉक्टरांनी वापरलेली काही उपकरणं आणि कोटणीसांनी चिनी शिकण्यासाठी स्वतः लिहिलेली शब्दांची वही ठेवली आहे. सोलापुरात त्यांच्या जन्मघरी स्मारक आहे. साधी उपकरणं आणि एक वही, पण ती कुणाची, कुठे आणि कधी वापरली हे ठाऊक असल्याने त्यांना अर्थ आहे.

अहिल्यानगरला १९९४पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि ते पाहायला लांबून माणसं येतात. चाळीस-पन्नास टनांची यंत्रं जपणाऱ्या जिल्ह्याला मुठीत मावणारी यंत्रं जपणं अवघड नाही. बेलापुरातल्या एखाद्या वाचनालयाची किंवा शाळेची एक खोली आणि तिच्यात कुलूपबंद कपाट एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्या फळीवर साखर कारखान्याचं व्हॅक्यूम गेज, त्याच्या शेजारी पाऱ्याचं आणि काट्याचं अशी दोन्ही बीपी यंत्रं, मग काचेची सिरिंज आणि ती उकळायचं स्टीलचं भांडं, प्राणवायूच्या सिलिंडरचा काटा आणि शेवटी बोटाचं ऑक्सिमीटर. मोडीत निघालेल्या विमानाचा एखादा उंचीमापक मिळाला तर तो मधोमध, आणि त्याची तबकडी रेडियमची नाही ना हे जाणकाराकडून तपासून घेतल्यावरच. प्रत्येक वस्तूसोबत एक कार्ड: कुणी बनवली, कोणत्या सालची, कोणत्या दवाखान्यात किंवा कारखान्यात होती, कोण वापरत असे, शेवटची कधी वापरली. हे सांगू शकणारे कंपाउंडर, परिचारिका आणि पॅनमन आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून वस्तू येण्याची वाट न पाहता कार्डं लिहायला आधी घ्यावीत.