गुडघ्यातील सुई आणि पदरचा पैसा

काळी नदीच्या खोऱ्यातील कुळगी हे जोयडा तालुक्यातले रानात वसलेले गाव. अशा मुलखात माणसाची सारी भिस्त गुडघ्यांवर. वाकून भातलावणी, डोक्यावर मोळी आणि चढउताराची वाट! पन्नाशीच्या सुमारास गुडघा कुरकुरू लागला, की घरची माणसे दांडेलीची, नाहीतर हुबळी-धारवाडची वाट धरतात. तेथे इंजेक्शनाची गोष्ट निघाली म्हणजे पैशांची जुळवाजुळव सुरू होते. म्हणूनच हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

ही इंजेक्शने मुख्यतः तीन प्रकारची. पहिले स्टेरॉइडचे. अमेरिकेतील डॉ. हॉलंडर यांनी १९५१ साली सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्याने सूज व वेदना काही आठवडे ओसरतात. तथापि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजली. वेदनेत मात्र फरक दिसला नाही. मधुमेह असल्यास रक्तातील साखर काही दिवस वाढते, हेही ध्यानात असावे.

दुसरे हायल्युरोनिक आम्लाचे, म्हणजे सांध्यातील नैसर्गिक वंगणाचे. कल्पना मोहक खरी. पण २०२२ साली अनेक चाचण्या एकत्र पडताळल्या असता त्याचा गुण नाममात्रच ठरला. तिसरे रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटांचे. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. झिजलेली कूर्चा यांपैकी कशानेही पूर्ववत होते, असे सिद्ध झालेले नाही.

मग सुई निरर्थक काय? तसे नव्हे. गुडघा सुजून ठणकत असता स्टेरॉइडची एखादी सुई उसंत देते. त्या उसंतीत मांडीचे स्नायू बळकट करावेत, हे खरे शहाणपण. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत वर्षानंतर स्टेरॉइडपेक्षा व्यायामोपचारच अधिक गुणकारी ठरला. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा अंक मोजून खाली आणावा; यास दमडीही लागत नाही. वजन आटोक्यात ठेवावे, उकिडवे बसणे टाळावे.

सुई घेतल्यावर ताप येऊन गुडघा लाल, गरम झाल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आणि दुभते जनावर विकण्यापूर्वी त्यांना निःसंकोच विचारावे: गुण किती दिवस टिकेल, सुया किती लागतील, व्यायाम कोणता करावा? या तीन प्रश्नांना पैसे पडत नाहीत.