टाकाऊ व्यावसायिक उपकरणांतील धातू व सुट्या भागांची पुनर्प्राप्ती : सोलापुरातील सात रस्ता परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापूर हे कापड गिरण्या, हातमाग व यंत्रमाग यांचे शहर म्हणून ओळखले जाते. यंत्र थकले की त्याची किंमत काट्यावर ठरते, हे या शहराला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मंदीच्या काळात चालते मागही भंगाराच्या भावाने विकले जातात. गिरण्यांचा काळ ओसरल्यानंतर शहराच्या अर्थव्यवस्थेत व्यापार, उपाहारगृहे, रुग्णालये, बँका व शिक्षणसंस्था यांचे स्थान वाढले आणि त्याबरोबर एका वेगळ्या प्रकारच्या यंत्रसामग्रीचाही प्रसार झाला. पिण्याच्या पाण्याचे कूलर, डीप फ्रीझर, शीतपेयांची काचेच्या दाराची कपाटे, वातानुकूलन यंत्रे, मोठे मिक्सर, विजेच्या व गॅसच्या भट्ट्या ही ती सामग्री होय. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाणाऱ्या या शहरात शीतकरणाची उपकरणे ही चैनीची बाब राहिलेली नाही. सात रस्ता या गजबजलेल्या चौकाच्या परिसरात अशा उपकरणांचा वापर दैनंदिन स्वरूपाचा आहे. साहजिकच वापर जेथे अधिक, तेथे निकामी होणाऱ्या उपकरणांचा प्रश्नही उपस्थित होतो.

निकामी उपकरण भंगार व्यावसायिकाकडे जाते, वजन होते, पैसे मिळतात आणि व्यवहार संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरे काम तेथून पुढे सुरू होते. प्रस्तुत लेखात पुढील मुद्द्यांचे विवेचन केले आहे : (१) टाकाऊ व्यावसायिक उपकरणात कोणती सामग्री असते, (२) तिचे विघटन कोणत्या क्रमाने व्हावयास हवे, (३) वजनावर होणाऱ्या सौद्यामुळे कोणती हानी होते आणि (४) या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका काय असावी.

उपकरणाची अंतर्रचना :

पाण्याचा कूलर उदाहरणादाखल घेतल्यास त्याचे स्थूलमानाने चार घटक दिसतात. पहिला घटक म्हणजे बाहेरील पत्रा व आतील टाकी. ही टाकी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. परंतु स्टेनलेस स्टील हा एकच धातू नव्हे. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०२ या प्रतीत निकेल कमी करून त्याऐवजी मँगनीज वापरलेले असते, तर ४३० या प्रतीत निकेल जवळजवळ नसतेच. निकेल महाग असल्याने प्रतीनुसार दरात मोठी तफावत पडते. ४३० प्रतीस लोहचुंबक चिकटते, ३०४ व २०२ प्रतींस सहसा चिकटत नाही. त्यामुळे भंगार व्यावसायिकाच्या खिशातील चुंबक हे त्याचे पहिले परीक्षण-साधन ठरते. मात्र ३०४ व २०२ यांतील भेद चुंबकाने कळत नाही. तेथे अनुभव किंवा रासायनिक चाचणी लागते.

दुसरा घटक म्हणजे शीतकरण-चक्र. यात सीलबंद कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारी जाळी, थंडावा देणारी नळी व या सर्वांमधून फिरणारा वायू यांचा समावेश होतो. कॉम्प्रेसरच्या लोखंडी कवचात मोटर असते व तिची गुंडाळी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची असते. नळ्या तांब्याच्या व त्यांवरील पापुद्रे ॲल्युमिनियमचे, अशी जाळीची रचना सर्रास आढळते. तिसरा घटक विद्युत भागांचा आहे : पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, रिले, कपॅसिटर व वायरी. चौथा घटक म्हणजे टाकी व पत्रा यांमधील पॉलियुरेथेनचा फेस. एका घनमीटर फेसाचे वजन अवघे ३५ ते ४० किलोग्रॅम भरते. म्हणजेच आकाराने मोठा असूनही काट्यावर तो नगण्य असतो.

भट्ट्या व शेगड्यांची रचना याहून साधी असते. त्यांत बिडाचे बर्नर, पितळी कॉक, लोखंडी सांगाडा व विजेच्या भट्टीत निक्रोमची तार आढळते. तथापि जुन्या भट्ट्यांच्या उष्णतारोधक थरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने त्या कोरड्या स्थितीत फोडणे श्वसनसंस्थेस घातक ठरते.

विघटनाचा योग्य क्रम :

विघटनाचे पहिले तत्त्व असे की, जे धोकादायक आहे ते आधी काढावे. जे पुन्हा वापरता येईल ते त्यानंतर सोडवावे आणि उरलेला धातू शेवटी तोडावा. प्रत्यक्षात हा क्रम अनेकदा उलटा होतो. तांब्याची नळी सर्वांत लवकर पैसे देणारी असल्याने ती सर्वप्रथम कापली जाते आणि त्याच क्षणी आतील वायू हवेत निघून जातो.

योग्य पद्धतीत वीजपुरवठा तोडल्यानंतर प्रथम कपॅसिटरमधील विद्युतभार काढून टाकला जातो, कारण जोडणी काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. यानंतर पुनर्प्राप्ती यंत्राच्या साहाय्याने वायू शोषून सिलिंडरमध्ये भरला जातो व त्याचे वजन नोंदविले जाते. मग कॉम्प्रेसरमधील तेल काढले जाते. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असलेल्या नव्या उपकरणांत विशेष सावधगिरी आवश्यक असते, कारण हा वायू ज्वलनशील आहे व ठिणगी उडविणारे कटर त्याच्या सान्निध्यात अपघातास निमंत्रण देते. यासाठी उपकरणावरील माहितीपट्टी वाचणे हे विघटनातील पहिले काम मानावयास हवे.

दुसऱ्या टप्प्यात सुटे भाग सोडविले जातात. पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, काचेचे दार, जाळीचे कप्पे, चाके, पितळी कॉक व चालू स्थितीतील कॉम्प्रेसर यांना दुरुस्तीच्या बाजारात वजनापेक्षा कितीतरी अधिक मोल असते. एक चालू पंखा-मोटर दुसऱ्या कूलरचे आयुष्य वाढविते. तीच मोटर फोडल्यास हाती केवळ थोडे तांबे व लोखंड लागते. शेवटच्या टप्प्यात तांबे, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील व साधे लोखंड वेगळे केले जाते.

हे वर्गीकरण केवळ दरासाठी नव्हे, तर धातूच्या गुणवत्तेसाठीही महत्त्वाचे आहे. कॉम्प्रेसर न फोडता लोखंडाबरोबर भट्टीत गेल्यास त्यातील तांबे पोलादात मिसळते. वितळविण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत ते वेगळे करता येत नाही आणि त्याचे प्रमाण वाढल्यास तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागावर तडे जातात. जालना हे भंगारापासून बांधकामाच्या सळ्या तयार करणाऱ्या उद्योगाचे राज्यातील मोठे केंद्र आहे. अशा भट्ट्यांत जाणारे भंगार किती स्वच्छ आहे, यावर सळईची प्रत अवलंबून असते. दुसरीकडे, भंगारापासून ॲल्युमिनियम मिळविण्यास खनिजापासून मिळविण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. म्हणून धातूची पुनर्प्राप्ती हे हलके मानले जाणारे काम प्रत्यक्षात खाणीला पर्याय देणारे काम आहे.

वायरीच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. प्लॅस्टिकचे वेष्टन जाळून तांबे काढण्याची पद्धत कष्ट वाचविते; परंतु पीव्हीसीच्या अपुऱ्या ज्वलनातून डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी संयुगे निर्माण होतात. वेष्टन सोलून काढलेल्या स्वच्छ तांब्याला जळक्या तारेपेक्षा दरही अधिक मिळतो. साधे सोलणी-यंत्र हा या समस्येवरील सहजसाध्य उपाय आहे.

वजनाच्या सौद्याची मर्यादा :

काटा जड वस्तूची किंमत सांगतो. हानिकारक वस्तूची सांगत नाही. शीतकरणाचा वायू हे याचे ठळक उदाहरण होय. आर-१२ या जुन्या वायूची तापमानवाढ घडविण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १०,९०० पट, आर-२२ ची १,८१० पट, तर आर-१३४ए ची १,४३० पट असल्याचे हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात नमूद आहे. एखाद्या उपकरणात ३०० ग्रॅम आर-१३४ए आहे असे मानल्यास तो सोडून दिल्याने होणारा परिणाम सुमारे ४३० किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. काट्यावर मात्र या ३०० ग्रॅमची किंमत शून्य असते. आर-१२ व आर-२२ हे वायू याखेरीज ओझोन थराचाही क्षय करतात. भारत १९९२ मध्ये मॉन्ट्रियल करारात सहभागी झाला, २००० मध्ये ओझोन क्षयकारी पदार्थांचे नियम अस्तित्वात आले आणि २०१० पासून क्लोरोफ्लुरोकार्बनचा वापर, अत्यावश्यक औषधी उपयोगाचा अपवाद वगळता, थांबला. फेस फुगविण्यासाठी वापरला जाणारा एचसीएफसी-१४१बी हा पदार्थही १ जानेवारी २०२० पासून देशात बंद झाला. तथापि नव्या वापरावरील बंदीने जुन्या उपकरणांत साठलेला वायू नाहीसा होत नाही. तो नळ्यांत व फेसात तसाच असतो आणि विघटनाच्या वेळीच बाहेर पडतो.

वजनाच्या सौद्याची परिसीमा दिल्लीतील मायापुरी येथे २०१० मध्ये दिसून आली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अनेक वर्षे वापराविना पडलेले गॅमा किरणांचे उपकरण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत लिलावाद्वारे भंगार म्हणून विकले गेले. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत होता. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. अनेक व्यक्तींना किरणोत्साराची बाधा झाली व एप्रिलमध्ये एका कामगाराचा मृत्यू झाला. ही घटना अपवादात्मक आहे व पाण्याच्या कूलरशी तिची तुलना होऊ शकत नाही, हे मान्यच करावयास हवे. परंतु तिच्या मुळाशी असलेली चूक अपवादात्मक नव्हती. वस्तूच्या आत काय आहे हे ज्यांना कळू शकत होते त्यांनी ते पाहिले नाही, आणि ज्यांना कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता त्यांच्या हातांनी ती फोडली गेली. ज्ञान विक्रेत्याकडे आणि धोका कामगाराकडे, ही विभागणी प्रत्येक निर्लेखनात थोड्याफार प्रमाणात घडत असते.

कायद्याची चौकट आणि महाविद्यालये :

देशात ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये अधिसूचित झाले व मे २०१२ पासून लागू झाले. त्यानंतर २०१६ व २०२२ मध्ये नवे नियम आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांची व्याप्ती मोठी असून त्यांत १०६ प्रकारच्या उपकरणांचा समावेश आहे. याच नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने शीतकरण वायूंच्या सुरक्षित व्यवस्थापनाची तरतूद जोडली गेली.

महाविद्यालयांच्या दृष्टीने येथे एक बदल लक्षणीय आहे. २०१६ च्या नियमांतील घाऊक ग्राहकांच्या व्याख्येत शिक्षणसंस्थांचा स्पष्ट उल्लेख होता. २०२२ च्या नियमांत मात्र आर्थिक वर्षात किमान १,००० उपकरणे वापरणारी संस्था अशी संख्येवर आधारित व्याख्या स्वीकारण्यात आली. परिणामी मध्यम व लहान महाविद्यालये या व्याख्येबाहेर राहण्याची शक्यता आहे. दुसरा बदल असा की, २०१६ च्या नियमांत विघटन करणाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी होती; २०२२ च्या नियमांतील नोंदणीच्या श्रेणींत ती नाही. म्हणजे ज्याच्या हातून प्रत्यक्ष तोडणी होते तो कायद्याच्या चौकटीत दिसत नाही आणि ज्या संस्थेतून उपकरण बाहेर पडते तिच्यावरील बंधनही सैल होते. ही पोकळी संस्थेच्या स्वतःच्या निर्णयानेच भरून निघू शकते.

असा निर्णय जडवस्तू संग्रह नोंदवहीपासून सुरू होतो. निर्लेखनाच्या ठरावात 'नग व अंदाजित वजन' एवढीच नोंद न करता वायूचा प्रकार व प्रमाण, चालू स्थितीतील भाग आणि धोकादायक घटक असे तीन रकाने वाढविता येतात. यासाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांतील एका प्राध्यापकाचा निर्लेखन समितीत समावेश पुरेसा आहे. विक्रीच्या अटींत वायूची पुनर्प्राप्ती व नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राचे प्रमाणपत्र यांचा अंतर्भाव करता येतो. एका महाविद्यालयाकडील दोन कूलर व चार संगणक यांसाठी असे केंद्र वाहन पाठविण्याची शक्यता कमी. परंतु २००४ मध्ये स्थापन झालेल्या व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांनी वर्षातून एकदा एकत्रित संकलन केल्यास ही अडचण दूर होऊ शकते. वायू काढण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील प्रशीतन व वातानुकूलन विषयाच्या प्रशिक्षणार्थींना, निदेशकांच्या देखरेखीखाली, प्रात्यक्षिक म्हणून देता येईल.

यात स्थानिक भंगार व्यावसायिक व कामगार यांना वगळणे मात्र योग्य होणार नाही. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या कौशल्याला संघटनेचे बळ दिले आणि पुढे 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या माध्यमातून ते कौशल्य महानगरपालिकेच्या व्यवस्थेशी जोडले गेले. धातू हाताने ओळखणारा, स्क्रू न मोडता मोटर सोडविणारा कारागीर ही सात रस्त्यासारख्या परिसराचीही गरज आहे. त्याला हातमोजे, सोलणी-यंत्र आणि उपकरणात काय आहे याची माहिती मिळाली, तर कोणत्याही बंदीपेक्षा अधिक सुधारणा साध्य होईल.

निष्कर्ष :

१. व्यावसायिक उपकरणांच्या विघटनात धोकादायक घटक, पुनर्वापरयोग्य भाग व धातू हा क्रम पाळला जाणे आवश्यक आहे.

२. केवळ वजनावर होणारा सौदा वायू व फेस यांची हानी आणि सुट्या भागांचे मोल या दोन्हींची दखल घेत नाही.

३. धातूंचे स्वच्छ वर्गीकरण हे व्यावसायिकाच्या उत्पन्नाइतकेच पोलादाच्या गुणवत्तेसाठीही हितावह आहे.

४. २०२२ च्या नियमांतील व्याख्येमुळे अनेक महाविद्यालयांवरील थेट बंधन शिथिल झाले असले, तरी उपकरणाविषयीची माहिती त्यांच्याकडेच असल्याने जबाबदारीही त्यांचीच राहते. निकामी कूलर महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारातून बाहेर पडताना त्याच्याबरोबर त्यातील वायूचे नाव लिहिलेला एक कागद जावा, एवढी सुधारणा कोणत्याही अनुदानाविना येत्या निर्लेखनापासून करता येण्यासारखी आहे.