बदकाची अंडी घरी उबविताना

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या गाडीत जूचंद्र मागे पडले की कामण रोड स्टेशन येते. एका बाजूला तुंगारेश्वरचा डोंगर, खाली भाताची खाचरे, पावसात तुडुंब वाहणारे ओढे, आणि चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कारखान्यांचे गाळे. अशा गावात बदक पाळणे कुणाला शिकवावे लागत नाही. पण बदकाची पिल्ले विकत आणावयाची म्हटली की लांबचा प्रवास, वाटेतली मर आणि दलालाचा हिस्सा आलाच. पिल्ले घरीच निघाली तर हा सर्व खर्च वाचतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची अंडी उबवून देण्याचा एक छोटा धंदाही उभा राहू शकतो. मात्र अंदाजपंचे केलेले काम यात चालत नाही.

खेड्यात याचा जुना उपाय म्हणजे खुडूक कोंबडी. तिच्याखाली बदकाची आठ-दहा अंडी मावतात. अडचण अशी की कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत. शेवटच्या आठवड्यात काही कोंबड्या कंटाळून उठतात आणि सगळे मुसळ केरात जाते. शिवाय बदकीण पाण्यातून ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते, कोंबडी कोरडीच बसते. म्हणून कोंबडीखालच्या अंड्यांवर अधूनमधून कोमट पाण्याचा हात फिरवावा लागतो. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी प्रसिद्ध जात तर स्वतः बसतच नाही म्हटले तरी चालेल. इंग्लंडातील अॅडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती तयार केली. चांगल्या संगोपनात ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण खुडूक होण्याचा गुण तिच्यातून जवळजवळ निघून गेला आहे. मस्कोव्ही जातीची बदकीण मात्र उत्तम बसते, फक्त तिची स्वतःची अंडी ३५ दिवस घेतात.

तेव्हा पेटी बनविणे आले. हे काम आपल्याच कारागीर बंधूंचे आहे. सुताराला प्लायवूडचे खोके, पत्रेवाल्याला पाण्याचा ट्रे आणि वायरमनला दोन बल्ब, एक लहान पंखा व तापमान राखणारा स्वयंचलित स्विच जोडणे अवघड नाही. आतून थर्मोकोल लावला की उष्णता टिकते. एक सूचना मात्र लक्षात ठेवावी. एलईडी दिवे उष्णता देत नाहीत म्हटले तरी चालेल, त्यामुळे जुना तारेचा बल्बच हवा, आणि त्याचा सरळ ताप अंड्यांवर पडू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा हवा. हवा आतबाहेर जाण्यासाठी भोके ठेवावीत, कारण अंड्यातला जीवही श्वास घेतो.

तापमान पंख्याच्या पेटीत ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट ठेवावे. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याशी १०१ ते १०२ फॅरनहाइट. बहुतेकांचे नुकसान थर्मामीटरमुळे होते. मी पहिल्यांदा चाळीस अंडी लावली तेव्हा नऊ पिल्ले निघाली. नंतर लक्षात आले की बाजारातून आणलेला थर्मामीटर दोन अंश कमी दाखवीत होता. तेव्हापासून नवा थर्मामीटर आणला की तापाच्या थर्मामीटरबरोबर कोमट पाण्यात धरून पाहतो. दोहोंत फरक दिसला तर तो पेटीवर लिहून ठेवतो. हे दोन मिनिटांचे काम आहे. गारव्यापेक्षा जास्त ताप अधिक घातक असतो, हेही ध्यानात असू द्यावे. वीज तासभर गेली तर पेटी उघडू नये, वरून गोधडी टाकावी. वीज अधिक वेळ गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. तेवढ्याने अंडी मरत नाहीत.

दमटपणाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. बदक पाण्याचा पक्षी, म्हणून जितके पाणी तितके चांगले, असे समजून लोक पावसाळ्यातही ट्रे भरून ठेवतात. पहिले २५ दिवस सापेक्ष आर्द्रता ५५ ते ६५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ७५ ते ८० टक्के असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. जुलैतली २७ अंशांची, ८५ टक्के दमट हवा पेटीत ३७.५ अंशांवर गेली की तिची आर्द्रता ४७ टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात लहानसा ट्रे पुरतो. डिसेंबरच्या रात्रीची २० अंशांची कोरडी हवा तापली की मात्र २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा मोठा ट्रे आणि ओले फडके दोन्ही लागतात.

खरी परीक्षा वजनाची आहे. पेटीत ठेवल्यापासून २५ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १३ टक्के घटले पाहिजे. ७० ग्रॅमचे अंडे ६१ ग्रॅमवर यावे. सोनाराकडचा लहान काटा असेल तर दर आठवड्याला पाच-सहा अंडी मोजावीत. वजन कमी उतरत नसेल तर पाणी कमी करावे. अंडे पुरेसे वाळले नाही तर आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू शेवटच्या दिवशी कवचात गुदमरते. लोक याला नशीब म्हणतात.

बदकिणी पहाटे अंडी घालतात आणि चिखलात घालतात. म्हणून सकाळी लवकर गोळा करावीत, सुकलेली घाण हलक्या हाताने खरवडावी. धुवायचेच असेल तर पाणी अंड्यापेक्षा गरम असावे. गार पाण्याने घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, आणि फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत. पाच-सहा माद्यांमागे एक नर नसेल तर अंडी सफल निघत नाहीत, मग पेटी कितीही चांगली असो. पेन्सिलीने एका बाजूला फुली व दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटावीत. विषम संख्या अशासाठी की रात्रभर दर वेळी तीच बाजू वर राहू नये. दहाव्या दिवसापासून रोज काही मिनिटे पेटी उघडून अंडी गार होऊ द्यावीत व कोमट पाणी शिंपडावे. २५ व्या दिवशी उलटणे बंद.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चसमोर अंडे धरले की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. ज्यात काहीच दिसत नाही ते निष्फळ. इथे धंद्यातली एक वाईट सवय स्पष्ट सांगितली पाहिजे. आठवडाभर तापलेली ही निष्फळ अंडी काही लोक बेकरीवाल्याला ताजी म्हणून देतात. ओल्या धान्यावर कोरडे धान्य टाकून ढीग मांडणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी कसे फटकारले, हे प्रत्येक मुसलमान दुकानदाराला ठाऊक आहे. ज्यात रक्त झाले ते तर खाण्यासाठी हलालच नाही, ते पुरून टाकावे. तसेच न निघालेल्या पिल्लांचे पूर्ण पैसे आगाऊ घेऊन ठेवू नयेत. किती निघतील याची खात्री कुणालाच नसते आणि भांडण तिथूनच सुरू होते. दुसऱ्याची अंडी उबवून देताना मजुरी पिल्लामागे न ठरवता अंड्यामागे ठरवावी. म्हणजे नापीक अंड्यांचा भार पेटीवाल्यावर येत नाही. शंका असल्यास आपल्या मोहल्ल्यातील आलिमांना विचारून घ्यावे.

विजेशिवाय हे होत नाही असे कुणी समजू नये. इसवी सन १२०० च्या सुमारास बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी मिसर देशात शेणाच्या आगीवर चालणाऱ्या अंडी उबविण्याच्या भट्ट्या पाहिल्या व त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. तिथले कारागीर थर्मामीटरशिवाय, अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ताप ओळखीत. बांगलादेशात किशोरगंजकडे तर भाताच्या तुसात बदकाची अंडी उबविण्याचा घरगुती धंदा चालतो. चटईच्या कणग्यांभोवती तूस ठासून भरलेले असते, अंडी कापडाच्या गाठोड्यांत बांधून ठेवतात आणि मुरलेल्या अंड्यांची ऊब नव्या अंड्यांना मिळते. भात पिकते तिथे गिरणी असते आणि तूसही. ज्याच्याकडे वीज वारंवार जाते, त्याने हा प्रयोग दहा अंड्यांवर जरूर करावा.

पिल्लू चोचीने कवचाला भोक पाडते आणि मग दिवसभर, कधी त्याहून अधिक वेळ, स्वस्थ बसते. त्या वेळी पेटी उघडून मदत करण्याचा मोह आवरावा. आतल्या शिरांतले रक्त व पोटातला पिवळा बलक शोषला जायचा असतो. या बलकामुळे बाहेर आल्यावरही चोवीस तास दाणा नसला तरी बिघडत नाही. पहिला आठवडा ३० ते ३२ अंश ऊब, नंतर दर आठवड्याला थोडी कमी. आईविना निघालेल्या पिल्लांच्या पिसांना तेल नसते, त्यांना पहिले काही आठवडे ओढ्यात सोडू नये. पाणी उथळ भांड्यात, फक्त चोच बुडेल इतके. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड चुकूनही देऊ नये. १९६० मध्ये इंग्लंडात हजारो टर्की व बदकाची पिल्ले अशाच पेंडीने मेली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष ओळखले गेले.

बदके कोंबड्यांत मिसळू नयेत. २००६ मध्ये नवापूर आणि २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात बर्ड फ्लूने कोंबड्यांची काय अवस्था झाली ती सर्वांनी पाहिली आहे. बदक हा रोग अंगावर बाळगूनही कधीकधी धडधाकट दिसते. मर दिसली की लपवू नये, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

पहिल्या वर्षी हिशेब शंभर अंड्यांमागे पन्नास पिल्लांचाच धरावा, आणि त्यातली निम्मी नर. माद्या अंड्यांसाठी ठेवता येतात. नर मांसासाठीच विकावे लागतात. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या जेवणात बदकाला मान आहे, त्यामुळे गिऱ्हाईक दूर शोधावे लागत नाही. खाकी कॅम्पबेलचा नर विक्रीयोग्य व्हायला सुमारे १२ आठवडे लागतात. २२ डिसेंबरला माल हवा असेल तर १ सप्टेंबरला अंडी पेटीत गेलेली असली पाहिजेत, आणि ती २५ ऑगस्टनंतर घातलेली असली पाहिजेत.