पेनड्राईव्ह लॉक झाला? आधी हिशोब वाचवा, मग पेनड्राईव्ह

मैत्रिणींनो, नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र. आता रजिस्टरच्या जोडीला बऱ्याच ग्रामसंघांचा हिशोब कॉम्प्युटरवरही असतो. बचतीचा तक्ता, कर्जाची परतफेड, बँकेला द्यायचे कागद, सगळं एका पेनड्राईव्हमध्ये. तो पर्समध्ये टाकून लिपिका ताई कधी जिंतूरला, कधी गंगाखेडला झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जातात. आणि एक दिवस नवीन हप्ता भरायला जावं तर कॉम्प्युटर सांगतो, 'डिस्क इज राइट प्रोटेक्टेड'. फाईल उघडते, वाचता येते, पण नवीन काही साठत नाही आणि जुनं खोडता येत नाही.

घाबरू नका. वाचता येतंय म्हणजे हिशोब अजून शाबूत आहे. पण उद्याही वाचता येईल याची खात्री नाही. म्हणून दुरुस्ती नंतर, पहिलं काम हिशोब बाहेर काढण्याचं.

पहिलं काम: सगळं कॉपी करा

पेनड्राईव्ह उघडा, सगळ्या फाईली निवडा, कॉपी करा आणि कॉम्प्युटरवर नवीन फोल्डर करून त्यात पेस्ट करा. दुकानातला कॉम्प्युटर असेल तर दुसरा चांगला पेनड्राईव्ह सोबत न्या आणि त्यातच घ्या. परक्या कॉम्प्युटरवर आपल्या महिलांचे आधार आणि पासबुक ठेवून येऊ नका. कॉपी झाल्यावर दोन-तीन फाईली उघडून बघा. आकडे नीट दिसले की मगच पुढे जा.

दुकानदार "फॉरमॅट मारून देतो" म्हणाला तर आधी थांबवा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. हिशोब बाहेर काढल्याशिवाय ते करू द्यायचं नाही.

मग एकेक कारण तपासा

1. बारीक खटका. काही पेनड्राईव्हला कडेला सरकणारं बटण असतं. मेमरी कार्डाच्या मोठ्या कव्हरलाही असतं, त्यावर 'लॉक' लिहिलेलं असतं. पर्समध्ये घासून ते सरकतं. आधी पेनड्राईव्ह काढा, बटण उलट्या बाजूला सरकवा, परत लावा.

2. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावा. तिथे साठवता आलं तर दोष पेनड्राईव्हचा नाही, पहिल्या कॉम्प्युटरचा आहे. अनेक ऑफिसांत पेनड्राईव्हवर लिहिणं मुद्दाम बंद केलेलं असतं.

3. एकच फाईल अडते का? फाईलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'रीड-ओन्ली'समोर बरोबरची खूण असेल तर काढा. इथे लॉक फक्त त्या फाईलला असतं, पेनड्राईव्हला नाही.

4. आतली मांडणी बिघडली का? फाईल साठत असताना लाईट गेली किंवा पेनड्राईव्ह ओढून काढला की असं होतं. पेनड्राईव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स' आणि त्यात 'चेक' दाबा. त्याबरोबर व्हायरसची तपासणीही करून घ्या. दहा जणांचे पेनड्राईव्ह लागणाऱ्या कॉम्प्युटरवरून व्हायरस येतो.

5. कॉम्प्युटरची आज्ञा. विंडोजमध्ये 'डिस्कपार्ट' नावाचं साधन आहे. त्यात पेनड्राईव्ह निवडून 'ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली' ही आज्ञा दिली की लॉकची खूण निघते. हे जाणकार माणसाकडूनच करून घ्या, पण शेजारी बसा. यादीत कॉम्प्युटरची स्वतःची डिस्कही दिसते. आपला पेनड्राईव्ह आकारावरून ओळखायचा. 16 जीबीचा पेनड्राईव्ह तिथे 14 जीबीच्या आसपास दिसतो. याच साधनात 'क्लीन' नावाची आज्ञा आहे. ती चुकीच्या डिस्कवर गेली तर त्या डिस्कवरचं सगळं दिसेनासं होतं.

एवढं करूनही उघडला नाही तर?

मग त्याची चिप झिजली असं समजा. रजिस्टरचं एकच पान खोडरबरने पुन्हा पुन्हा खोडून लिहिलं तर कागद विरतो. पेनड्राईव्हमधल्या जागेचंही तसंच आहे. प्रत्येक जागा ठराविक वेळाच खोडून लिहिता येते. एखादी जागा खराब झाली की आतली चिप राखीव जागा वापरते. राखीवही संपली की बरेच पेनड्राईव्ह लिहिणं बंद करतात, म्हणजे निदान आहे ते वाचता यावं. असा पेनड्राईव्ह दुरुस्त होत नाही. त्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या.

जुना पेनड्राईव्ह टाकताना सावध

लॉक झालेल्या पेनड्राईव्हमधलं आपल्याला खोडता येत नाही, पण वाचता कुणालाही येतं. त्यात कुणाचं आधार, कुणाचा खाते नंबर, कुणाच्या घरचं कर्ज. तो उकिरड्यावर टाकू नका, भंगारात देऊ नका, लेकरांना खेळायला देऊ नका. वॉरंटीत बदलून मिळत असला तरी आत काय आहे ते आधी आठवा. नको असेल तेव्हा कव्हर उघडून आतली काळी चिप हातोडीने फोडा.

इथून पुढे

- पेनड्राईव्ह ही ने-आण करायची पिशवी आहे, तिजोरी नाही. हिशोब तीन ठिकाणी हवा: रजिस्टर, कॉम्प्युटर, आणि दुसऱ्या पदाधिकारी ताईकडे ठेवलेला वेगळा पेनड्राईव्ह.
- काढण्याआधी 'इजेक्ट' करा.
- फार स्वस्तात फार मोठा पेनड्राईव्ह मिळत असेल तर घेऊ नका. लिहिलेली जागा खरी असेलच असं नाही.
- ॲपवर नोंद झाली म्हणून रजिस्टर बंद करू नका. सह्या आणि अंगठे रजिस्टरवरच असतात.

येत्या बैठकीत एक विषय घ्या: आपला हिशोब किती ठिकाणी आहे आणि कुणाकडे आहे? उत्तर "एकाच पेनड्राईव्हमध्ये" असं आलं, तर बैठक संपायच्या आत दुसरी कॉपी कोण करणार त्या ताईचं नाव इतिवृत्तात लिहा.